मावशी, त्या फ्रेंच गावासाठी पैसे भरू नकोस

काल मावशीचा फॉरवर्ड आला. "फ्रान्समधल्या एका गावात एकच माणूस उरलाय. तोच मतदार, तोच महापौर. तो गेला की गाव नकाशावरून पुसलं जाणार, म्हणून सरकार परदेशी कुटुंबांना फुकट घर आणि नागरिकत्व देतंय." खाली 'नोंदणी फी' आणि कुणा एजंटचा नंबर. मावसभाऊ तर पासपोर्टच्या झेरॉक्स काढून तयार!

गाव खरं आहे, एवढं नाइलाजाने कबूल. द्रोम जिल्ह्यातलं रोशफुर्शा. 'इन्से' या फ्रान्सच्या सरकारी सांख्यिकी संस्थेच्या तक्त्यात कित्येक वर्षं त्याच्यापुढे लोकसंख्या 1 अशीच छापून आली. पण ही मोजणी कायम राहणाऱ्यांची. सुट्टीपुरतं कुलूप उघडणारे त्यात धरत नाहीत. तेच लोक तिथे स्थानिक कर भरत असतील तर मतदारयादीत मात्र नाव घालू शकतात. त्यात 2014 पासून शंभराच्या आत वस्ती असलेल्या कम्यूनलाही, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या घटकालाही, 7 जणांची परिषद निवडायची असते आणि महापौर ती परिषद निवडते. एकटा माणूस कुणाकुणाचं मत टाकणार?

आता फुकट घर. ही अफवा बहुधा इथून आली असावी, की रुबे शहराने 2018 मध्ये काही पडीक घरं 1 युरोला काढली होती. रुबे म्हणजे खेडं नव्हे, लाखाच्या आसपास वस्तीचं शहर. अट अशी, की दुरुस्ती स्वखर्चाने करायची आणि तिथेच राहायचं. घराची किंमत 1 युरो, दुरुस्तीची नव्हे.

आणि नागरिकत्व! अगं, ते गाव देतच नाही. तो निर्णय गृहमंत्रालयाच्या अखत्यारीतला. आधी साधारण 5 वर्षं कायदेशीर वास्तव्य, वर फ्रेंच भाषा यायला हवी. फ्रान्समध्ये रोख पैसे मोजून अख्खा वाडा विकत घेतलास तरी 180 दिवसांत 90 पेक्षा जास्त राहायला वेगळा व्हिसा लागतोच. घराची किल्ली दाखवून तो मिळत नाही.

राहिलं नकाशावरून पुसणं. 1916 मध्ये, पहिल्या महायुद्धात, व्हर्दनच्या लढाईत तोफांनी भुईसपाट केलेली फ्लरीसारखी 6 गावं आजही कम्यून आहेत. लोकसंख्या शून्य, तरी महापौर आहे. त्याला प्रीफे, म्हणजे सरकारी जिल्हाप्रमुख, नेमतो. शून्याला पुसलं नाही, ते एकाला कशाला पुसतील?

तो नंबर ब्लॉक कर. आणि झेरॉक्स कुणाला आधीच पाठवल्यात का, ते मावसभावाला आजच विचार.