तीन मिनिटांत बीपी उतरलं म्हणून गोळी सोडायची?

सध्या कोल्हापुरातल्या बऱ्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ताण आल्यावर ज्याचं बीपी वाढतं त्याचं हृदय कमकुवत. दोन जिने चढा आणि मशीन लावा. तीन मिनिटांत बीपी पूर्ववत झालं तर हृदय आणि मेंदू तरुण, नाही झालं तर दोन्ही दहा वर्षांनी म्हातारे. पूर्ववत होत असेल तर गोळीची गरज नाही, रोज पाच मिनिटं दीर्घ श्वसन पुरे. खाली 'परदेशी संशोधन' एवढाच आधार आणि हात जोडलेले इमोजी.

माझं औषधांचं दुकान आहे. असे मेसेज रोज येतात, रोज पुसले जातात. पण राजारामपुरीतल्या एक मावशी काउंटरवर येऊन म्हणाल्या, "मी गोळी बंद केलो की. तीन मिनिटांत उतरतंय माझं." म्हणून हे लिहितोय. मेसेज निव्वळ थाप असता तर सोपं होतं. त्यात एक खरी गोष्ट आहे आणि बाकीचं सगळं तिच्या जिवावर खपतंय.

"ताण आल्यावर बीपी वाढतं त्याचं हृदय कमकुवत."

उलट, वाढायलाच हवं. भीती, राग, धावपळ, वजन उचलणं, काहीही झालं तरी अ‍ॅड्रेनालिन सुटतं, हृदय जोरात चालतं, दाब चढतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात १९८५ साली पाच कसलेल्या शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून वजन उचलतानाचा दाब मोजला होता. दोन्ही पायांनी वजन रेटताना सरासरी ३२०/२५०, एकाचा तर ४८०/३५० च्याही वर. गंगावेश तालमीतल्या एखाद्या पैलवानाला जोर मारताना मशीन लावलं तर घरचे त्याला उचलून थेट सीपीआर रुग्णालयात नेतील. तो आकडा आजाराचा नसतो, त्या क्षणाच्या मेहनतीचा असतो. आणि ताणाला शरीर अगदीच थंड प्रतिसाद देत असेल तर तेही फारसं चांगलं लक्षण नाही. असा बोथट प्रतिसाद नैराश्य आणि लठ्ठपणा असलेल्यांत जास्त दिसतो, असं बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलंय.

"तीन मिनिटांत उतरलं तर तरुण, नाही तर म्हातारे."

खरी गोष्ट आहे ती इथे. ताणानंतर दाब किती लवकर जागेवर येतो याला महत्त्व आहे. मानेतल्या धमन्यांतली आणि महाधमनीतली चेतातंतूंची टोकं दाब वाढल्याची खबर मेंदूला देतात, मेंदू हृदयाला सबुरीनं घ्यायला सांगतो. वयानुसार धमन्या ताठ होतात, ही खबर मंद पोहोचते, दाब रेंगाळतो. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवर १९८५ पासून चाललेल्या व्हाइटहॉल अभ्यासातल्या एका गटाला प्रयोगशाळेत डोकं खाजवायला लावणारी कामं दिली होती. ज्यांचा दाब नंतर नीट उतरला नाही, त्यांचं बीपी पुढच्या तीन वर्षांत जास्त वाढलं. २००५ साली हे छापून आलं.

पण त्यांनी उतार मोजला तो काम संपल्यावर साधारण पाऊण तासानं. शिवाय २०१० मध्ये अशा अनेक अभ्यासांची मोट बांधली तेव्हा ताणानंतरचा उतार आणि पुढचा हृदयविकाराचा धोका यांचा सहसंबंध जेमतेम ०.१ निघाला (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण). हजारो लोकांच्या गटात तो दिसतो, म्हणून संशोधकाला मोलाचा. एका माणसाचं भविष्य त्यावरून सांगणं म्हणजे नुसत्या आडनावावरून पत्ता शोधणं.

मग 'तीन मिनिटं' आली कुठून? माझा अंदाज, ट्रेडमिल टेस्टवरून. त्यात व्यायाम थांबल्यावर तिसऱ्या मिनिटाचा बीपीचा वरचा आकडा कमाल आकड्याशी ताडून पाहतात, हे खरं आहे. पहिल्या मिनिटात नाडी किती उतरते तेही पाहतात. क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी १९९९ साली दाखवलं की ती १२ किंवा त्याहून कमी ठोके उतरली तर पुढच्या वर्षांत मृत्यूचा धोका जास्त. पण ती झाली नाडी, आणि तीसुद्धा ईसीजी लावून, ठरावीक व्यायाम करवून, डॉक्टर शेजारी उभा असताना मोजलेली. धापा टाकत, बोलत बोलत मनगटावरच्या मशीननं घेतलेल्या आकड्याला तसा काही अर्थ नाही. हृदयाचा त्रास असलेल्या माणसानं चाचणी म्हणून जिने पळत चढणं तर धोक्याचंच.

"मेंदूचं वय दहा वर्षांनी वाढतं."

मेंदूचं वय असा एकच आकडा नसतो. अमेरिकेतली स्प्रिंट ही चाचणी घ्या: ५० वर्षांवरचे, जास्त बीपी असलेले ९,३६१ लोक. निम्म्यांचा वरचा आकडा १४० च्या खाली ठेवायचा, निम्म्यांचा १२० च्या खाली. २०१९ साली मेंदूचे निकाल आले. १२० वाल्या गटात स्मरण आणि विचार यांतली सौम्य घट १९ टक्क्यांनी कमी. पूर्ण स्मृतिभ्रंशात मात्र ठामपणे सांगण्यासारखा फरक दिसला नाही. एमआरआयमध्ये बारीक रक्तवाहिन्यांच्या इजेचे पांढरे डाग कमी वाढले, पण मेंदूचं एकूण आकारमान त्याच गटात किंचित जास्त घटलं. आता सांगा, यांचा मेंदू तरुण झाला की म्हातारा? शहाणा संशोधक इथे थांबतो, विचार करतो. मेसेज लिहिणारा थांबत नाही.

आणि हा फायदा लोकांचा राग पटकन उतरला म्हणून झालेला नव्हता. मुख्यतः औषधांनी दाब वर्षानुवर्षं खाली ठेवला म्हणून झाला.

"पूर्ववत होत असेल तर गोळी नको."

सगळ्या मेसेजमधलं घातक वाक्य हेच. पूर्ववत म्हणजे कशावर? बसल्या जागी ज्याचं १६० आहे त्याचं जिना चढून १९० झालं आणि तीन मिनिटांत पुन्हा १६० वर आलं, तर मेसेजच्या हिशेबानं तो पास. नापास होणारच नाही.

मावशींची गोळी अ‍ॅम्लोडिपिन. ती अंगातून निम्मी कमी व्हायलाच ३० ते ५० तास लागतात. त्यामुळे बंद केल्यावर पहिले काही दिवस मशीन चांगले आकडे दाखवतं आणि माणसाला वाटतं, बरा झालो. गोळीचा असर संपतो तेव्हा मोजायचा उत्साहही संपलेला असतो. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल यांचं वेगळंच. ती एकदम सोडली तर छातीत दुखण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

खरा उतार पाहायचा तर रात्रीचा पाहा. झोपेत दाब दिवसापेक्षा १० ते २० टक्के खाली यायला हवा. जपानमधल्या ओहासामा गावातल्या अभ्यासात (२००२) रात्रीची ही घट ५ टक्के कमी झाली की हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारानं मृत्यूचा धोका साधारण २० टक्क्यांनी वाढलेला दिसला, २४ तासांचं सरासरी बीपी बरं असलेल्यांतही. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीच्या रात्रपाळ्या करणारे आणि मोठमोठ्यानं घोरणारे यांनी खरी चौकशी या घटीची करावी. २४ तासांचं मशीन लावून ती कळते. जिना चढून कळत नाही.

"दीर्घ श्वसन पुरे."

करा जरूर. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतले की दाब थोडा उतरतो. १६० चे १२० मात्र होत नाहीत. त्यापेक्षा ताटातलं लोणचं, पापड आणि रश्श्यावर वरून भुरभुरलेलं मीठ कमी केलं तर जास्त फरक पडेल, पण असा मेसेज कोण पुढे पाठवणार!

मोजायचंच असेल तर दंडावर पट्टा बांधायचं मशीन घ्या. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, मशेरी काही नको. लघवीला जाऊन या, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. हात हृदयाच्या पातळीवर. एक मिनिटाच्या अंतरानं दोन आकडे, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. खाली असेल तरी वही न्या आणि गोळी कमी करता येईल का ते त्यांनाच विचारा. वजन उतरलेल्या, मीठ कमी केलेल्या माणसाची गोळी डॉक्टर कमी करतातही. माझ्याकडे तशा बदललेल्या चिठ्ठ्या येतात.