जुने फ्लेअर परत घेण्याबद्दल तुमच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार दादा. आम्ही नवे फ्लेअर (संकटात मदत मागायला बोटीवरून पेटवायची लाल उजेडाची नळकांडी) विकतो पण जुने घ्यायला खळखळ करतो, वर नगामागे पैसे मागतो, त्यापेक्षा खाडीत टाकलेले परवडले, असं तुम्ही लिहिलंत. खाडीत मात्र टाकू नका.

मुदत संपली म्हणून फ्लेअर निकामी होत नाही. छापलेली तारीख, बहुधा बनवल्यापासून ३ वर्षांची, गेली की तो वेळेवर आणि नीट पेटेल याचा भरवसा संपतो. पेटणारी दारू आत तशीच असते. जेटीवर बरेच जण बादलीत भिजत घालायला सांगतात, तेही ऐकू नका. हॅन्ड फ्लेअर, म्हणजे हातात धरून पेटवायचा फ्लेअर, पेटल्यावर १० सेकंद पाण्याखाली धरला तरी जळत राहावा, असाच बनवलेला असतो. शिवाय आतल्या मॅग्नेशियमला ओल लागली की हायड्रोजन सुटतो.

तुमची दोन पॅराशूट रॉकेटं (उंच उडून छत्रीला लटकत जळणारे फ्लेअर) आम्ही नाकारली, कारण फोटोत खालच्या टोपणाच्या कडेला ओल लागल्याची पांढरी भुकटी दिसत होती आणि एकाची ओढायची दोरी बाहेर लोंबत होती. ती दोरी कशात अडकून ताणली गेली तर रॉकेट सुटतं. चांगलं रॉकेट ३०० मीटर वर जातं. ओल लागलेलं कुठे जाईल सांगता येत नाही. ती दोन्ही आहेत तिथेच राहू द्या, जवळचे डिझेलचे कॅन आणि गॅस सिलिंडर बाजूला करा आणि पोलिसांना कळवा. त्यांचं बॉम्बशोधक व नाशक पथक अशाच कामासाठी असतं.

नगामागचा आकार परवानाधारक गाडीचा आणि नाश करणाऱ्याचा आहे. एका खेपेपुरते नग जमेपर्यंत थांबावं लागतं, तो उशीर आम्हाला टाळता येत नाही.

दिवाळीत किंवा विसर्जनाला उडवायचा विचारही नको. समुद्रावर लाल उजेड दिसला की कोणी तरी बुडतंय असं समजून तटरक्षक दल आणि आजूबाजूच्या बोटी निघतात.

तुमचे चार हॅन्ड फ्लेअर कोरडे आहेत, ते आम्ही घेऊ. टोपणं काढू नका. मूळ डब्यातच ठेवा, डब्यावर ‘मुदत संपली’ असं ठळक लिहा आणि नव्यांपासून वेगळे, सावलीत ठेवा; रात्री घाईत हात जुन्यावर पडायला नको. एसटीने किंवा कुरिअरने पाठवू नका. फोन करा, आमची गाडी जेटीवर येईल.