मासे बाथरूममध्ये आहेत

गोड्या पाण्यातले मासे पाळणाऱ्याला लोक हौशी म्हणतात. खाऱ्या पाण्यातले पाळणाऱ्याला काहीच म्हणत नाहीत, फक्त त्याच्या बायकोकडे सहानुभूतीने बघतात. त्यांचंही चुकत नाही. ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर समुद्र करायचा तर आधी नळाचं पाणी आरओमधून काढायचं, एक लिटर चांगल्या पाण्यासाठी तीनेक लिटर मोरीत सोडायचं आणि मग लिटरला 35 ग्रॅम या हिशेबाने बादलीत परदेशी मीठ ढवळत बसायचं. वीस लिटरच्या बादलीला 700 ग्रॅम. खरा समुद्र लोकलने तासाभरावर फुकट पडलेला असताना! "माशांना आरओ आणि माणसांना नळाचं," हे आईचं वाक्य सोसायटीत पाणीकपातीची नोटीस लागली की रोज सकाळी चहाबरोबर मिळतं.

आणि हे सगळं मासे धडधाकट असतानाचं.

आजार आमच्याकडे सासरहून आला. मेव्हण्याने माझ्या वाढदिवसाला पाण्याने फुगलेली पिशवी आणली, त्यात पावडर ब्लू टँग. आकाशी निळं अंग, काळं तोंड, पाठीवर पिवळाधमक पर. हिंदी महासागरातला हा मासा दिसायला राजबिंडा आणि प्रकृतीने अगदीच तोळामासा. टँकमध्ये कुठलाही परजीवी असो, पहिला मान याचा. नवा मासा महिनाभर वेगळ्या टँकमध्ये ठेवायचा, मगच मोठ्या टँकमध्ये सोडायचा, हा नियम मी बायकोला शांतपणे सांगितला. तिने तितक्याच शांतपणे विचारलं, "माझ्या भावाने आणलेला मासा तू बाहेर ठेवणार?" पुढे भाऊबीज होती. मासा आत गेला.

आठवडाभरात त्याच्या अंगावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके उठले. तो दगडावर अंग घासायला लागला. आई काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "कांजिण्या आहेत. कडुलिंबाचा पाला घाला खाली."

हे ठिपके उठवणाऱ्या परजीवी किड्याला शास्त्रात क्रिप्टोकॅरियन इरिटन्स म्हणतात. हे नाव त्याला 1951 साली मिळालं. त्याच वर्षी मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलं. योगायोगच, पण मला तो उगीच सूचक वाटतो. हौशी मंडळी नुसतं 'इक' म्हणतात आणि म्हणताना चेहरा पाडतात.

उपाय मात्र घरात भरपूर निघाले. मेव्हण्याने फोनवरून लसूण सुचवला. कोलंबीचे तुकडे लसणाच्या रसात भिजवून दिले, तर मासे तुटून पडले. घराला खानावळीचा वास, माशांना भूक दुप्पट आणि किड्याला काहीच नाही. दुकानदार म्हणाला, "एक क्लीनर श्रिंप न्या, माशांच्या अंगावरचं सगळं वेचून खाईल." श्रिंपने दगडावर दवाखाना थाटलाही, मासे नंबर लावून उभेही राहिले, पण हा किडा असतो माशाच्या कातडीच्या आत, तिथे त्या बिचाऱ्याच्या काड्या पोचणार कशा? शेवटी आईने संध्याकाळी टँकवरून मीठ-मोहऱ्या-मिरच्या उतरवल्या. जन्मभर खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या जिवावरून मीठ! मिरच्या गॅसवर पडल्या, घरात सगळ्यांना ठसका लागला, शेजारच्यांनी दार वाजवून चौकशी केली.

दोन दिवसांनी सकाळी बघतो तर टँगचं अंग लख्ख. एक ठिपका नाही.

या आजाराची खरी मेख इथेच आहे. हा किडा माशावर तीन ते सात दिवस जेवतो आणि मग पोट भरलं की रात्रीच्या अंधारात आपणहून खाली उतरतो. वाळूला, दगडाला चिकटतो, भोवती कवच करतो आणि आत एकाचे शेकडो होतो. ती पिल्लावळ काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, पुन्हा रात्रीच बाहेर पडते. तिला फार तर एक-दोन दिवसांत मासा गाठावा लागतो. मासा रात्री कुठे असतो? तिथेच दगडाशी, झोपलेला. म्हणजे पहिल्या आठवड्यात या आजारावर जगातला कुठलाही उपाय लागू पडतो. लसूण लागू पडतो, दृष्ट लागू पडते, नुसतं रागाने बघितलं तरी ठिपके जातात. माझं हे व्याख्यान आईने ऐकून घेतलं आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना सांगितलं, "माझ्या एका दृष्टीत गेलं हो."

मग ठिपके परत आले. टँगवर, दोन्ही क्लाऊन माशांवर, आणि आमच्याकडचा सगळ्यात स्वस्त, सगळ्यात भांडखोर मासा, डॅमसेल, त्याच्यावरही.

आता खरं औषध एकच उरलं होतं, कॉपर. म्हणजे तांबं. हे कळताच आईने हातातली पोळी तव्यावर सोडली. "चाळीस वर्षं सांगतेय, तांब्याच्या कळशीतलं पाणी प्या. माझं कोण ऐकतंय? सोड ती कळशी त्या टँकमध्ये!" पंचाईत अशी, की मूळ मुद्दा तिचा बरोबर होता. फक्त मोजमापाचा प्रश्न होता. बाटलीतलं चिलेटेड, म्हणजे पाण्यात टिकून राहणारं, कॉपर असेल तर 2 ते 2.5 पीपीएम, म्हणजे लिटरला तेवढेच मिलिग्रॅम. त्याखाली गेलं की किडे जगतात, फार वर गेलं की मासे मरतात. त्यातही माशाच्या कातडीतल्या किड्याला तांबं काही करत नाही, कवचातल्यालाही नाही. पोहत बाहेर आलेल्यालाच तेवढं मारतं. म्हणून सलग 30 दिवस पातळी धरून ठेवायची. श्रिंप, गोगलगायी यांना मात्र तेच तांबं विष, आणि दगड-वाळू ते शोषून बसतात. तेव्हा औषध मोठ्या टँकमध्ये ओतता येत नाही. मासे बाहेर काढावे लागतात.

काढावे लागतात, हे लिहायला सोपं आहे. क्लाऊन पटकन आले, ते एकमेकांना सोडून कुठे जात नाहीत. टँगच्या शेपटीशी दोन्ही बाजूंना धारदार काटा असतो, तो जाळ्यात अडकतो. म्हणून जाळं न वापरता डब्यात धरायचा. घरात योग्य मापाचा पारदर्शक डबा एकच, इडलीच्या पिठाचा. त्याची परवानगी मिळवण्यापेक्षा टँग धरणं सोपं गेलं. डॅमसेलने मात्र अंत पाहिला. तो एका दगडाच्या भोकात शिरायचा, दगड उचलला की दुसऱ्यात. अख्खी दगडांची रचना, जी मी हौसेने रविवार-रविवार करून उभी केली होती, ती एकेक दगड करून बादल्यांत गेली. रात्री हॉलमध्ये सगळीकडे बादल्या, पाणी गढूळ, मी कोपरापर्यंत ओला, मुलगी टॉर्च धरून उभी. शेवटी तो कुठे सापडला? बादलीत, तिसऱ्या दगडाच्या आत. कधीच बाहेर आला होता.

दवाखाना दुसऱ्या बाथरूममध्ये उघडला. प्लॅस्टिकचा मोठा टब, हीटर, स्पंज फिल्टर आणि माशांना लपायला पीव्हीसी पाइपचे वाकडे जोड, म्हणजे एल्बो. हार्डवेअरवाल्याने विचारलं, "काय काम काढलंय?" मी म्हटलं, मासे झोपणार आहेत. त्याने न बोलता बिल केलं. टबात वाळू नाही, दगड नाही, म्हणजे त्यांवर राहून माशांची घाण पचवणारे जिवाणूही नाहीत, त्यामुळे अमोनिया रोज चढणार, रोज पाणी बदलणार, आणि बदललेल्या पाण्यात पुन्हा मोजून तांबं घालणार. उरलेल्या एका बाथरूमसमोर सकाळी चार माणसांची रांग.

तेवढ्यात श्रावण लागला. घरात मासे बंद, पण माशांना कोलंबी हवीच. ओट्यावर कोलंबी आणायची नाही, असा आईचा हुकूम सुटला. मग मी बाल्कनीत स्टुलावर बसून, शेजाऱ्यांकडे पाठ करून, कोलंबीचे मुगाएवढे तुकडे करायचो आणि आत येऊन साबुदाण्याची खिचडी खायचो. कॉपरचा मीटर मात्र आईने कधी ताब्यात घेतला ते कळलंच नाही. चष्मा लावून ती रोज आकडा बघायची आणि कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहायची. "आज 2.1 आहे. ढिला पडलास," असं मला ऐकवायची. पीपीएम म्हणजे काय ते तिने विचारलं नाही. कमी झालं की ओरडायचं, एवढं तिला पुरेसं होतं.

मासे बरे झाले. पण त्यांना घरी सोडता येईना, कारण आजारी आता टँक होता. वाळूतली कवचं उपाशी मारायची तर टँकमध्ये एकही मासा नको. काही कवचं 72 दिवसांपर्यंत तग धरल्याची नोंद आहे, म्हणून हौशी मंडळी 76 दिवस मोजतात. तोवर रिकाम्या टँकचे दिवे लावायचे, पंप चालवायचे, पाणी बदलायचं आणि विजेचं बिल भरायचं. आत एकटा श्रिंप ऐटीत फिरतोय.

त्यातच गणपती आले. दर्शनाला आलेला प्रत्येक जण हात जोडून झाले की टँककडे वळायचा, वाकून बघायचा आणि विचारायचा, "मासे कुठेत?" मुलगी आनंदाने ओरडायची, "मासे बाथरूममध्ये आहेत!" मग पाहुणे प्रसादाची वाटी हातात घेऊन बाथरूमच्या दारात उभे. एक काका सगळं ऐकून घेऊन, मोदकावर तूप घेत म्हणाले, "अरे, या औषधाच्या पैशात चार नवे मासे आले असते की."

हिशेब अगदी खरा होता. डॅमसेलच्या किमतीत तर बाटलीचं झाकणही आलं नसतं. मी काहीतरी पुटपुटणार, इतक्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"भावोजी, तुमचे गुडघे गेले, तेव्हा वहिनींनी गुडघेच बदलले ना? तुम्हाला नाही बदललं."

वहिनी इतक्या हसल्या, की त्यांना पाणी द्यावं लागलं.