मागून नेलेली कोयती ओलीच का परत येते?

मागून नेलेली कोयती पुसून परत करायला पैसे पडतात का हो? नेताना भाषा बघा किती गोड: "रे, जरा कोयती दी मगे, चार चुडतां तोडतंय." परत कधी येते तर आठवडा उलटल्यावर, तीही हाक न मारता. मागीलदारी ओल्या गोणपाटाखाली टाकून गेलेले. पात्यावर फणसाचा चीक तसाच. विचारलं तर उत्तर तयार, "लोखंडाक काय होता?"

मालवणात राहून हे विचारता? समुद्रावरचा खारा वारा खिडकीच्या बिजागऱ्या खातो, तो कोयतीला सोडेल? हवेतला दमटपणा साठ टक्क्यांच्या वर गेला की उघड्या लोखंडावर गंज भराभर चढतो, आणि आमच्याकडे पावसात साठ टक्के म्हणजे कोरडी हवा म्हणायची! त्यात मीठ. त्यात तुमचं ते गोणपाट, जे दिवसेंदिवस पाणी धरून बसतं. धार म्हणजे पात्याची सर्वांत पातळ जागा. बाकी पात्यावर डाग दिसायच्या आधी तिथलं लोखंड गेलेलं असतं.

मग हेच शहाणे "थांब, धार काढून देतंय" म्हणून पातं ग्राइंडरवर दाबून धरतात. ठिणग्या उडाल्या की यांना वाटतं काम झालं. कड निळी पडली ते दिसत नाही? लोहाराने दिलेलं पाणी, म्हणजे पात्याचा कडकपणा, उतरलं ना त्यात! आता कितीही पाजवा, दोन नारळ सोलले की बोथट. दगडावर पाणी मारून बसायला वेळ नसतो यांना.

आणखी एक जात आहे, काम झालं की कोयती माडाच्या बुंध्यात हाणून ठेवणारी. ओल्या लाकडात पातं रात्रभर. आणि त्या जखमेचा वास लागला की माड पोखरणारा सोंड्या भुंगा अंडी घालायला हजर. म्हणजे कोयतीही गेली आणि माडही.

करायचं काय असतं? चीक खोबरेल लावून काढायचा, फडक्याने कोरडं पुसायचं, तेलाचा बोळा फिरवायचा, पडवीतल्या वाशाला टांगायचं. विडी ओढायला याहून जास्त वेळ लागतो.

घरातही तीच तऱ्हा. "स्टेनलेस आसा, गंजाचा नाय." अहो, त्यातल्या क्रोमियममुळे वर एक पातळ थर धरतो म्हणून ते टिकतं, आणि मीठ नेमका तोच थर फोडतं. बांगडे कापलेली, मीठ लागलेली सुरी रात्रभर सिंकमध्ये पडली की पात्यावर बारीक खड्डे पडणारच. सकाळी धुतलीच तर ओली ती ड्रॉवरात, पळ्या-झाऱ्यांच्या गर्दीत. ड्रॉवर ओढला की खण्ण, ढकलला की खण्ण. प्रत्येक वेळी धारेची कड कशावर तरी आपटून वाकते. एक लाकडी खाच नाही, जाड पुठ्ठ्याची साधी म्यान नाही. आदाळो, म्हणजे आमची विळी, तेवढा सुखी, पाटाला ठोकलेला असल्यामुळे त्याला कोणाला ड्रॉवरात कोंबता येत नाही.

आणि एवढं सगळं करून टोमॅटो चेचला गेला की ओरडा कोणावर? माझ्यावर. "या घरात एक सुरी धड कापत नाही!" कापेल कशी, डोंबलाची?