मुंबई 'कॅप्चर' करायला निघताय? मग हे वाचून जा

सगळ्यात आधी, मुंबईत बघण्यासारखं खूप आहे हे डोक्यातून काढून टाका. काही नाहीये. फोटोच्या हिशोबाने मुंबईत आठ-दहाच जागा आहेत, आणि तिथे किती वाजता जायचं, कुठल्या कठड्याला टेकायचं, कुठल्या अँगलने काढायचं हे सगळं तुमच्या आधी गेलेल्यांनी ठरवून ठेवलंय, तुम्ही फक्त जाऊन उभं राहायचं. उगाच माझगाव नाहीतर लालबागच्या कुठल्यातरी गल्लीत शिरून वेगळं काही काढायला गेलात तर लोक विचारतील हे कुठलं, आणि 'हे कुठलं' अशी कमेंट आली की समजायचं फोटो पडला.

कॅमेरा बोरा बझारमधूनच घ्या. घरच्यांना सांगा, ताईच्या बाळाच्या बारशाला उपयोगी पडेल. (बारशाला मोबाईलच वापरला जाईल, कारण तुमची बॅटरी चार्ज नसेल.) सोबत आलेली अठरा-पंचावन्नची लेन्स महिनाभरात तुम्हाला कमी वाटायला लागेल, कारण फोटो वाईट येतात ते लेन्समुळे हे एव्हाना तुम्हाला यूट्यूबवरून कळलेलं असेल. मग ५० एमएमची प्राइम (झूम न होणारी लेन्स) घ्या आणि तिथून पुढे जे दिसेल त्याच्या मागचं सगळं धूसर करून टाका. मागे फ्लोरा फाउंटन असो नाहीतर सोसायटीचा कचऱ्याचा डबा, काही फरक पडत नाही, ही त्या लेन्सची मोठी सोय आहे. कंपनीचं नाव छापलेला गळ्यातला पट्टा मात्र बदलू नका, तेवढ्यासाठीच तर पैसे मोजलेत.

आता सीएसएमटी. फ्रेडरिक स्टीव्हन्सने डिझाइन केलेली ही इमारत १८८८ साली पूर्ण झाली आणि २००४ साली जागतिक वारसा यादीत गेली, एवढं कॅप्शनपुरतं लक्षात ठेवा, बास. तिच्या दगडात माकडं आहेत, मोर आहेत, फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह नि दुसरीकडे वाघ बसलाय, आणि यातलं बरंचसं नक्षीकाम तेव्हाच्या जेजे स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे, पण ते बघायला मान वर करून उभं राहावं लागतं आणि तेवढ्यात मागून कोणीतरी ढकलून कसारा लोकल पकडायला जातो. तर तिकडे जाऊच नका. समोर महापालिकेच्या बाजूला सेल्फी पॉइंट केलाय, तिथे अंधार पडल्यावर जा, शटर वीस सेकंद उघडं ठेवा, खालून बसच्या दिव्यांच्या लाल रेघा आल्या की झालं. हाच फोटो आणखी लाखभर लोकांकडे आहे म्हणून नाराज होऊ नका, तुमच्यात रेघा जास्त आहेत.

एक काळजी घ्या, ट्रायपॉड सांभाळून उघडा. मुंबईत मोबाईलने लग्नाचा अख्खा सिनेमा शूट केला तरी कोणी काही म्हणत नाही, पण तीन पायांची काठी दिसली रे दिसली की कुठूनतरी वॉचमन उगवतो आणि 'परमिशन आहे का' विचारतो. कोणाची परमिशन, हे त्यालाही माहीत नसतं, त्यामुळे वाद घालू नका, कठड्यावर सॅक ठेवून तिच्यावर कॅमेरा ठेवा.

गेटवेला कबुतरं महत्त्वाची. वास्तू २६ मीटर उंच, ४ डिसेंबर १९२४ ला खुली झाली, जॉर्ज विटेटचं डिझाइन, हे सगळं ठीक आहे हो, पण कबुतरं उडालेली नसतील तर त्या फोटोला अर्थ काय? उडत नसतील तर बरोबरच्या मित्राला त्यांच्यातून पळायला लावा. तिथे गळ्यात कॅमेरा अडकवून जे फोटोवाले फिरत असतात त्यांच्याकडे मात्र बघू नका, ते धंदेवाईक. साताऱ्याहून, बीडहून आलेल्या कुटुंबाला ते ओळीत उभं करतात, आजीचा पदर सारखा करायला सांगतात, पोराच्या चिमटीत ताज हॉटेलचा घुमट बसवतात आणि तिथल्या तिथे प्रिंट काढून हातात देतात, मग तो फोटो पुढची वीस वर्षं कपाटाच्या काचेला लावलेला राहतो. याला काय फोटोग्राफी म्हणायचं? तुमचे फोटो हार्ड डिस्कमध्ये आहेत, रॉ फॉरमॅटमध्ये.

ससून डॉक नवशिक्यांना जमत नाही. १८७५ सालचा डॉक, पहाटे बोटी लागतात, लिलाव सुरू असतो, बर्फ फुटत असतो, कोळणी नि कोळंबी सोलणाऱ्या बायका खाली बसून भराभर हात चालवत असतात. आत कॅमेऱ्याला मनाई आहे, पण नियम बाकीच्यांसाठी असतात, तुम्ही कलाकार. तर तुम्ही पांढरे शूज घालून जा, बरोबर वाटेच्या मधोमध उकिडवे बसा आणि कोळणीच्या तोंडापासून दीड फुटावर लेन्स न्या. ती म्हणेल, "ओ दादा, घ्यायचंय काय? नाय ना? मग वाट सोड, पाटी येतेय मागून." इथे तुम्ही हसून अंगठा दाखवायचा. नंतर ती जे बोलेल ते इथे लिहिता येणार नाही, पण त्याच क्षणाचा फोटो मिळाला तर खाली 'द स्पिरिट ऑफ द कोळी वुमन' लिहायला विसरू नका.

आणि हो, हळहळ. मुंबईच्या फोटोला हळहळ लागतेच. जुनी डिझेल डबल डेकर १५ सप्टेंबर २०२३ ला शेवटची धावली, पाठोपाठ ऑक्टोबरअखेर पद्मिनी टॅक्सी गेली, तेव्हा निरोप द्यायला कॅमेरे घेऊन केवढी गर्दी, हार काय, फुगे काय. यातल्या किती जणांनी मागच्या दहा वर्षांत त्या बसच्या वरच्या मजल्यावर पाऊल ठेवलं होतं असले प्रश्न विचारू नयेत. फोटो काढा, 'एंड ऑफ ॲन एरा' लिहा आणि ॲपवरून एसी गाडी बोलवून घरी जा.

हे सगळं आजकालचं फॅड आहे असं कोणी म्हणालं तर त्यांना सांगा की बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची आहे आणि भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते. एडिटिंगवरून टोमणा मारला तर विल्यम जॉन्सनचं नाव घ्या. या साहेबाने १८६० च्या दशकात मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचं पुस्तक काढलं, त्यात माणसांचे फोटो वेगळे काढायचे आणि मागे मुंबईतली ठिकाणं चिकटवायची अशी पद्धत होती. म्हणजे बॅकग्राउंड बदलायची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी, आणि समोरच्याला नाव न विचारता नुसता नमुना म्हणून उभं करायची तर त्याच घराण्यातली.

यावरून आठवलं, स्ट्रीट. स्ट्रीट फोटोग्राफीचा नियम एकच, समोरचा माणूस तुमच्यापेक्षा गरीब पाहिजे. घाम, सुरकुत्या, बिडी, फाटकी बनियन यातलं निदान एक तरी फ्रेममध्ये पाहिजे आणि फोटो ब्लॅक अँड व्हाइट. महालक्ष्मीच्या पुलावरून धोबी घाट काढा, वाळत घातलेल्या चादरींच्या रांगा काय सुंदर दिसतात. मात्र समोरच्या टॉवरमधल्या कोणी झूम लावून तुमच्या गॅलरीत वाळत असलेली चड्डी काढली तर सोडू नका, सोसायटीच्या ग्रुपवर लगेच टाका, सेक्रेटरीला टॅग करा, प्रायव्हसी नावाची काही गोष्ट असते की नाही.

एकट्याने भीती वाटत असेल तर फोटोवॉकला जा. रविवारी सकाळी सात वाजता फोर्टात पंचवीस जण जमतात आणि सगळे मिळून एका झोपलेल्या माणसाचा फोटो काढतात. बॅलार्ड इस्टेटच्या बाजूला हातगाडीवर एकजण झोपलेला असतो, तोंडावर गमछा, पाय गाडीच्या बाहेर, झाडातून तिरकं ऊन बरोबर टाचांवर पडलेलं, पंचवीस शटर एकदम कडकडतात. त्या आवाजाने तो उठतो. आधी गोंधळतो, मग कॅमेरे बघून गाडीवरून उतरतो, शर्टाची बटणं लावतो, खिशातून छोटा कंगवा काढून भांग पाडतो आणि हात सरळ सोडून ताठ उभा राहतो. इथे नवखे लोक चूक करतात आणि फोटो काढतात. तुम्ही कॅमेरा खाली घ्यायचा. मोमेंट गेला.

तो विचारेल, "भेजोगे ना?" हो म्हणा, हो म्हणायला काय जातंय. नंबर घ्या, 'हातगाडी फोर्ट' नावाने सेव्ह करा, पण पाठवू मात्र नका. त्याला गावाकडे दाखवायला रंगीत फोटो हवा असतो, भांग पाडलेला, चेहरा दिसणारा, आणि तुमच्याकडे आहेत त्या नुसत्या टाचा.