क्लिप मैदानातली, बक्षीस रेकॉर्डचं

आमच्या दाजींनी परवा घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. तुमच्याकडेही फिरत फिरत आला असेल. वर लाल अक्षरात आवाहन, खाली सहा मुद्दे आणि सोबत एक क्लिप. क्लिपमध्ये अमेरिकन गायिका टेलर स्विफ्ट २०१० च्या ग्रॅमी सोहळ्यात (तिकडचे संगीताचे मोठे पुरस्कार) जुन्या गायिका स्टीव्ही निक्सबरोबर गातेय आणि तिचा सूर खाली राहतोय. मेसेजचं सार असं, की ज्याला स्टेजवर सुरात गाता येत नाही त्याला संगीताचे मोठे पुरस्कार देऊ नयेत, आणि दिले असतील तर काढून घ्यावेत. त्याखाली दाजींची स्वतःची ओळ होती : "आता बोल, साउंडवाल्या."

मी कोल्हापुरात वीसेक वर्षं साउंड लावतोय. त्याआधी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो. ग्रुपवर उत्तर लिहायला बसलो, ते लांबलं, म्हणून इथंच टाकतो.

मेसेज म्हणतो : "त्या रात्री सगळ्या जगासमोर बेसूर गायली, तरी त्याच रात्री तिला सर्वोत्तम अल्बमचं बक्षीस दिलं. म्हणजे सेटिंग." बेसूर गायली हे मला मान्य आहे. कान मलाही आहेत. पण 'त्याच रात्री' या शब्दांवर मेसेजवाल्याचा सगळा डाव आहे आणि तो तिथंच चितपट होतो. ग्रॅमीचं मतदान सोहळ्याच्या आधी संपतं. ३१ जानेवारी २०१० ला ती स्टेजवर चढली तेव्हा मतं पडून गेली होती, लिफाफे बंद झाले होते. ज्या अल्बमला मतं पडली तो २००८ च्या नोव्हेंबरात बाजारात आला होता. त्या रात्री ती तानसेनासारखी गायली असती तरी निकाल तोच लागला असता. शिवाय हे बक्षीस एकट्या गळ्याचं नसतंच. अल्बमचे निर्माते, रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करणारे इंजिनियर, मास्टरिंग करणारा, हे सगळे त्यात धरले जातात. आमच्या धंद्यातल्या माणसाला जगात कुठं ट्रॉफी मिळत असेल तर ती इथं, आणि दाजी, तुम्ही तीच काढून घ्यायला निघालाय.

अल्बम सुमार होता असं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. ग्रॅमीवाले चुकत नाहीत असा माझा दावा नाही. पण मग अल्बम लावा, ऐका आणि त्यातलं काय पडेल आहे ते सांगा. मला गंमत याची वाटते, की मेसेजमध्ये अल्बमबद्दल एक शब्द नाही.

दुसरा मुद्दा जरा हुशारीचा आहे. "ग्रॅमीच्या विभागाचं नावच 'परफॉर्मन्स' आहे, मग परफॉर्मन्स नको बघायला?" आपल्याकडं परफॉर्मन्स म्हटलं की डोळ्यासमोर स्टेज, धूर आणि लायटिंग येतं, म्हणून हा घोळ. तिथं तो शब्द रेकॉर्डवर जे गायलं-वाजवलं गेलं त्याला लावलेला आहे. रेकॉर्डिंग अकॅडमी नावाची संस्था १९५९ पासून रेकॉर्डिंगला बक्षिसं देते. नावातच सगळं आलं.

आणि रेकॉर्डला बक्षीस द्यायचं हे खूळ काही परदेशातलंच नाही. आपल्याकडं पार्श्वगायनाचं बक्षीस कसं सुरू झालं ते आठवा. १९५७ च्या फिल्मफेअरला 'चोरी चोरी'साठी शंकर-जयकिशनना संगीताचं बक्षीस मिळणार होतं आणि त्यातलं गाणं लताबाईंनी समारंभात स्टेजवर गावं अशी गळ त्यांना घातली गेली. त्यांनी नकार दिला. गाणाऱ्याला तुमच्याकडं बक्षीसच नाही, मग नुसतं वाद्यांवर वाजवा, असा त्यांचा रोख. पुढं १९५९ ला पार्श्वगायनाचा विभाग आला आणि पहिली बाहुली त्यांनाच मिळाली, 'मधुमती'तल्या गाण्यासाठी. ज्या बाईंनी हे बक्षीस झगडून मिळवलं, त्यांनी ते स्टेजवर न गाऊन मिळवलं.

'जोगवा'चंही तसंच. जोगत्या-जोगतिणींची, आपल्याच मुलखातली गोष्ट. त्यातल्या 'जीव रंगला'साठी श्रेया घोषाल आणि हरिहरन दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ज्युरीने सिनेमा बघितला, गाणं ऐकलं. कुणाला दिल्लीला बोलावून काळी दोन पट्टीत एकदा गाऊन दाखवा म्हटलं नाही. तेच गाणं मी आमच्या ऑर्केस्ट्रात किती गळ्यांतून ऐकलं याची गणती नाही. त्यातले दोन-चार तर असे जमले होते, की मी मिक्सरवरचे फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या दांड्या, सोडून ऐकत बसलो. त्यांना बक्षीस नाही, कारण ते गाणं तयार होताना ते तिथं नव्हते.

कुस्तीत कोल्हापूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला गेले ते मातीतले पैलवान म्हणून, मॅटची सवय नसताना, आणि सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत त्याच मॅटवर कांस्य जिंकलं. कोल्हापूरच्या खासबाग मैदानाच्या मातीत कुणी त्यांना आस्मान दाखवलं असतं तर हेलसिंकीचं पदक परत मागितलं असतं का?

आता मशीन. मेसेजमधलं सगळ्यांत जास्त टाळ्या घेणारं वाक्य हे : "ऑटोट्यून लावलं की म्हैसपण गाईल." यावर जरा सावकाश बोलतो, कारण ही म्हैस रोज माझ्या दावणीला असते.

ऑटोट्यून १९९७ ला आलं. काढणारा अँडी हिल्डेब्रँड मुळात तेलाच्या शोधातल्या भूकंपलहरींचं गणित करणारा माणूस. जमिनीतून परत आलेल्या लहरी वाचण्यासाठी जे गणित लागतं त्याच जातीच्या गणिताने गळ्याची पट्टी ओळखता येते, हे त्याच्या लक्षात आलं. सॉफ्टवेअर करतं काय, तर सूर जवळच्या घरात ओढून बसवतं. किती वेगाने ओढायचा त्याला एक बटण असतं. शून्यावर ठेवलं की आवाज पायऱ्या चढल्यासारखा टकाटक उड्या मारतो. अमेरिकन गायिका शेर हिच्या १९९८ च्या 'बिलीव्ह' गाण्यामध्ये ऐकू येतो तो हाच प्रकार, तिथं मुद्दाम ठेवलेला.

मागच्या पावसाळ्यात शाहूपुरीतल्या एका छोट्या स्टुडिओत एका मुलीचं भावगीत घेत होतो. मुखड्यात तिचा निषाद किंचित उतरलेला होता. स्क्रीनवर रेघ दिसते, घराच्या जरा खाली लोंबकळणारी. मी ती उचलून घरात ठेवली. सूर बरोबर आला आणि ओळ मेली. पुन्हा ऐकलं तेव्हा कळलं की ती षड्जावरून घसरत त्या निषादावर येत होती. उतरलेला सूर वाटला तो त्या मींडेचा शेवट होता. मशीनला मींड कळत नाही, त्याला घर कळतं. मी मुकाट्याने अनडू मारलं. दुसऱ्या कडव्यातला एक खर्ज मात्र खरोखर चुकला होता, तो ओढून बसवला आणि कुणाला कळलं नाही. म्हणजे लबाडी होत नाही असं नाही. पण श्वास कुठं घ्यायचा, 'सावळा'तला ळ किती टेकवायचा, कुठल्या शब्दावर आवाज अर्धा करायचा, याचं बटण अजून कुणी बनवलेलं नाही. म्हशीला ऑटोट्यून लावलं तर ती सुरात हंबरेल, एवढंच.

आणि हेच मशीन स्टेजवरही चालतं. माईक आणि मिक्सरच्या मध्ये बसवलं की झालं. तेव्हा 'स्टुडिओत खोटं, लाइव्हला खरं' अशी वाटणी करणाऱ्याने एकदा स्टेजमागं येऊन या मशीनांचा रॅक बघून जावा. मागं आधीच रेकॉर्ड केलेला ट्रॅक चालू असतो, कोरस ट्रॅकवर असतो, कधी कधी मुख्य गळाही ट्रॅकवरच असतो.

मग येतात "आपले जुने लोक". म्हणे, ते माईकशिवाय शेवटच्या रांगेला ऐकू जायचे आणि एका टेकमध्ये गायचे. माईकशिवाय गायचे हे खरं. संगीत नाटकातल्या केशवराव भोसल्यांच्या गावात ते कोण नाकारेल? पण १९१५ चं ते पॅलेस थिएटर, म्हणजे पुढचं केशवराव भोसले नाट्यगृह, गळा पोचावा म्हणून बांधलेलं बंदिस्त नाट्यगृह होतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते जळालं, त्या रात्री मी रस्त्यावर उभा होतो, त्यावर इथं लिहीत नाही. दहा हजारांच्या उघड्या मैदानाशी त्याची तुलना नको, एवढंच म्हणतो. एका टेकचं म्हणाल तर जुन्या रेकॉर्डिंगवाल्यांचा शब्द आठवा : 'ओके टेक'. गायक आणि सगळा वाद्यवृंद एकदम वाजायचा, व्हायोलिनवाला चुकला तरी पहिल्यापासून. ओके टेक म्हणजे आधीचे नॉट ओके होते. ते आपल्याला कुणी ऐकवले नाहीत.

थोर गवई अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी इथंच होते. तरुणपणी अति गाऊन त्यांचा आवाज गेला. परत आला तो पूर्वीचा राहिला नव्हता, जाड झालेला. त्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी नव्याने घडवली आणि तिला आज आपण जयपूर-अत्रौली घराणं म्हणतो. त्या पडत्या काळात कुणाच्या खिशात मोबाईल असता तर क्लिप फिरली असती, खाली सहा मुद्दे आले असते. त्यांची तबकडी नाही, म्हणून ते कसे गायचे हे आज आपण दुसऱ्यांच्या तोंडून ऐकतो. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर तर मैफलीच्या राणी, ध्वनिमुद्रणाशी त्यांचं फारसं जमलं नाही. तरी १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर माणसाच्या संगीताचा नमुना म्हणून जी सोनेरी तबकडी गेली तिच्यात त्यांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. मैफल तासन् तास चालायची, ती हवेत गेली. आकाशात गेलं ते रेकॉर्ड.

संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार असेल, तर तिथं मैफल बघायलाच हवी. तो प्रयोगकलेचाच सन्मान आहे, केसरबाईंना १९५३ ला मिळालेला. तिथं दाजींचा मुद्दा मी शब्दशः घेईन.

रेकॉर्डवर आयुष्य काढणाऱ्यांचं काय करणार पण? बीटल्सनी १९६६ च्या ऑगस्टनंतर दौरे बंद केले. पुढच्या वर्षी त्यांनी जो अल्बम काढला त्याला १९६८ ला अल्बम ऑफ द इयर मिळालं. आयर्लंडची गायिका एन्या कधी मैफलींच्या दौऱ्यावर गेली नाही, चार ग्रॅमी आहेत. स्विफ्टबाईंचा २०२० चा अल्बम तर टाळेबंदीत, माणसं आपापल्या घरी बसून झाला. २०२१ ला त्यालाही तोच मान मिळाला. मैदानात बघायचं म्हटलं तर बघणार काय होतं?

"लाइव्ह ही खरी परीक्षा." दाजी याला नेहमी त्या डिसेंबरातल्या कार्यक्रमाचा दाखला देतात. नाव घेत नाही, पण सिनेमात गाजलेला गळा, आणि आमच्या मैदानावर तिसऱ्या गाण्यापासून कणसूर व्हायला लागला. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर जो तो क्लिप दाखवत होता.

तो साउंड माझा होता. गायकाच्या पायाशी तिरका स्पीकर असतो, त्याला मॉनिटर म्हणतात. त्यातून त्याला स्वतःचा आवाज ऐकू येतो. तिसऱ्या गाण्याला हार घालायला कार्यकर्ते वर चढले, कुणाचा तरी पाय वायरवर पडला आणि जॅक अर्धा बाहेर आला. गायकाला स्वतःचा आवाज येईना. येत होता तो समोरच्या इमारतीवर आपटून. इमारत पन्नासेक मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन शंभर मीटर. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, तेव्हा त्याचा सूर त्याला पाव सेकंदापेक्षा जास्त उशिरा ऐकू येत होता. बोलताना आपलंच बोलणं पाव सेकंद उशिरा कानात ऐकून बघा, नाव सांगताना चाचराल. तो माझ्याकडं बघून अंगठा वर-वर करत होता. आमच्या भाषेत त्याचा अर्थ 'मॉनिटर वाढव'. मी ऐंशी फुटांवर मिक्सरपाशी, माझ्या कानाला सगळं झकास. मला वाटलं साउंड आवडला म्हणतोय. मीही अंगठा दाखवला. दोन गाणी आम्ही एकमेकांना अंगठे दाखवत होतो.

त्या क्लिपमधून त्याच्या गाण्याची परीक्षा झाली की माझ्या वायरिंगची?

शेवटची मागणी, बक्षीस काढून घ्या. एकदा घेतलं आहे. मिली व्हॅनिली नावाची जोडी, १९९० च्या फेब्रुवारीत नवोदित कलाकाराचं ग्रॅमी. त्याच्या आदल्या वर्षी स्टेजवर त्यांचा ट्रॅक अडकून एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजली होती, ओठ हलवतात हे उघड्यावर आलं होतं. तरी बक्षीस मिळालं. ते गेलं नोव्हेंबरात, रेकॉर्डवरचा आवाजही त्यांचा नाही हे त्यांच्या निर्मात्याने कबूल केलं तेव्हा. मला हा हिशोब बरोबर वाटतो. रेकॉर्डचं बक्षीस रेकॉर्डवरच्या लबाडीने जावं.

मैदानातली लबाडी मैदानात वसूल करा. लाइव्ह म्हणून तिकीट विकलं आणि ओठ हलवले तर संयोजकाची गचांडी धरा, पैसे परत मागा, मी तुमच्याबरोबर येतो. गायक खरा गात होता आणि साउंडवाल्याने घाण केली असेल तर साउंडवाल्याकडून घ्या. दाजी, डिसेंबरचं तुमचं तिकीट पाचशेचं होतं, रविवारी आणून देतो. ताईही शेजारच्या खुर्चीवर होती हे आत्ता लिहिताना आठवलं. म्हणजे हजार झाले.