जाळलेला माणूस उठणार नाही, असं सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या तालुक्यातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. ख्रिस्ती लोक मयत पुरतात, कारण जळालेला देह देवाला उठवता येत नाही. म्हणूनच चर्चची दहनाला बंदी. म्हणजे कोरोनात ज्यांना जाळलं, त्यांचं पुनरुत्थान, म्हणजे शेवटच्या दिवशी मेलेल्यातून उठणं, बुडालं. वर शेपूट : पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्मच, आणि पुरणं ही परकी चाल. एरवी सोडून दिला असता. पण शेजारच्या म्हातारीच्या नवऱ्याला तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी परस्पर अग्नी दिला गेला होता. ती विचारते, "मंग आमच्या बुढ्याचं कसं होईन?"

देह शाबूत राहावा म्हणून पुरतात, असं समजणाऱ्यानं काळ्या मातीतली दफनभूमी पाहिलेली नाही. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात माती फुगते, थडगं खचतं, क्रूस कलतो. कुठं कुठं बापाच्याच जागी पुढं लेकासाठी खड्डा खणतात आणि फावड्याला लागलेली हाडं बाजूला सारतात. शाबूत देहाची अट असती तर पुरलेलेही उठले नसते. शिवाय माती लोटताना पाळक काय म्हणतात? "मातीला माती, राखेला राख, धुळीला धूळ." मेसेज लिहिणारा एखाद्या मातीला आला असता तर कानावर पडलं असतं.

ही कल्पना जुनी आहे, आणि ती ख्रिस्ती लोकांच्या छळकर्त्यांची आहे. इ. स. 177 मध्ये आजच्या फ्रान्समधल्या ल्यों शहरात हुतात्म्यांचे देह जाळून राख ऱ्होन नदीत लोटली; यांना उठण्याची आशाच राहू नये, हाच हिशेब. ख्रिस्ती मंडळीनं ती आशा सोडली नाही. पाचव्या शतकात ऑगस्टीन या बिशपनंही लिहिलं की प्रेताला माती मिळाली नाही म्हणून विश्वासणाऱ्याचं काही बिघडत नाही.

मूळ उत्तर येशूचा प्रेषित पौल याचं, बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 15व्या अध्यायात. मेलेले कसल्या शरीरानं उठतील, असं विचारणाऱ्याला तो आधी मूर्ख म्हणतो (आमच्या पाळकांचं हे आवडतं वचन), मग पेरणीकडे बोट दाखवतो. त्यानं गव्हाचा दाणा घेतला, आपण सरकी, म्हणजे कापसाचं बी, घेऊ. टोबलेली (पेरलेली) सरकी मातीत संपते. वर येते ती पऱ्हाटी (कपाशीचं झाड), पण त्याच सरकीची. तिला अंग देणारा देव, असं पौल म्हणतो. मग दाण्याचं काय उरलं, याची मोजदाद कशाला?

बंदीचं अर्धसत्य आहे. कॅथलिक चर्चनं 1886 मध्ये दहनाला मनाई केली, कारण युरोपात काही जण चर्चची श्रद्धा झुगारल्याची खूण म्हणून दहन करवून घेत. 1963 मध्ये ती उठवली. 2016 च्या सूचनेत राख पवित्र जागी ठेवा, उधळू नका, असं सांगितलंय. आमच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत पुरण्याची चाल आहे, येशूलाही कबरेतच ठेवलं होतं म्हणून. पण "जाळलं की गेलं" असं सांगणारे प्रचारक आमच्यातही आहेत, आणि या मेसेजला खतपाणी त्यांनीच घातलंय.

पुनर्जन्मात जीव दुसऱ्या देहात जातो, पुन्हापुन्हा. पुनरुत्थान एकदाच, शेवटच्या दिवशी, आणि त्याच माणसाचं. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे वण होते, आणि शिष्यांसमोर त्यानं भाजलेला मासा खाल्ला.

राहिली परकी चाल. लिंगायत पुरतात, आपल्याकडच्या कित्येक गोंड गावांत पुरतात, आणि तान्हं लेकरू गेलं तर हिंदू घरांतही पुरतातच.